निकाल लागेपर्यंत (पगटाउन, डिसेंबर २००४)

नगरची_लेक (धागाकर्ती)

मे २०२४ मध्ये बेथ स्ट्राउड या अमेरिकन मेथडिस्ट पाळकबाईंना त्यांचं पाळकपद परत मिळालं. छोटीशी बातमी होती, इथे कुणी वाचली असेल असं वाटत नाही. मी वाचली आणि उठून आधी गॅस बंद केला. भाजी करपली असती, कारण पुढचा अर्धा तास मी वीस वर्षं मागे गेले होते.

थोडी पार्श्वभूमी. मी नगरची. आमची मंडळी मूळची अमेरिकन मराठी मिशनची, १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. म्हणजे मी मेथडिस्ट नाही आणि ज्या खटल्याबद्दल लिहितेय त्याच्याशी माझा काडीचा संबंध नव्हता. २००४ साली आम्ही फिलाडेल्फियाजवळ भाड्याने राहायचो. शेजारी सत्तरी ओलांडलेल्या एक बाई होत्या, जर्मनटाउनच्या फर्स्ट युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या जुन्या सभासद. त्यांना मी आजी म्हणायचे. तो शब्द मीच शिकवला होता, आणि त्या तो मला फोनवर स्वतःची ओळख सांगताना वापरायच्या: "मी आजी बोलतेय."

तर आजींनी विचारलं, बुधवारी आणि गुरुवारी मला सोडशील का, परतताना अंधार होईल, मला दिसत नाही. कुठे? कोर्टात. मला वाटलं घराचं काहीतरी असेल. तर म्हणाल्या, चर्चच्या कोर्टात, माझ्या पाळकबाईंवर खटला आहे.

बेथ स्ट्राउड त्या चर्चच्या सहपाळक. एप्रिल २००३ मध्ये त्यांनी रविवारच्या उपदेशात सगळ्या मंडळीसमोर सांगितलं की मी समलिंगी आहे आणि माझ्या जोडीदारणीबरोबर राहते. मंडळीतल्या बऱ्याच जणांना आधीच माहीत होतं. पण नियमपुस्तकात १९८४ पासून स्पष्ट होतं की जी व्यक्ती हे स्वतः कबूल करते आणि तसं जगते तिला दीक्षा देता येणार नाही, पाळक म्हणून नेमता येणार नाही. गंमत बघा. लपवून ठेवलं असतं तर चाललं असतं. खरं बोलल्याचाच पुरावा झाला.

खटला पगटाउनला, शहरापासून गाडीने तासाभरावर, कॅम्प इनाबा नावाच्या जागी. ही चर्चची शिबिराची जागा. उन्हाळ्यात पोरं येतात, पोहतात, शेकोटीभोवती गाणी म्हणतात. तारीख १ आणि २ डिसेंबर, म्हणजे आगमनकाळाचा पहिलाच आठवडा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नाताळच्या आधीचे चार रविवार हे वाट पाहण्याचेच असतात. खटल्यासाठी हा आठवडा कुणी मुद्दाम निवडला नसेल, पण आजी गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "यंदा वाट पाहायला दोन गोष्टी आहेत."

मी आत गेले नाही. मी कोण त्यांची? बाहेर थांबले. गाडीत, मग हीटर किती वेळ लावणार म्हणून बाहेर, मग पुन्हा गाडीत. थर्मासमध्ये आल्याचा चहा नेला होता. बाहेर उभे असलेले लोक हळूहळू जवळ आले. एक निवृत्त शिक्षक, एक गरोदर मुलगी, दोन म्हाताऱ्या बहिणी एकाच पांघरुणात. कुणी कुणाला "काय वाटतं, काय होईल?" असं विचारत नव्हतं. पार्किंगची चौकशी, गुडघ्यांची चौकशी, कुणाच्या सुनेला मुलगा झाला ते. आमच्याकडे ऑपरेशन थिएटरच्या बाहेर नातेवाईक बसतात ना, डब्यातली पोळी एकमेकांना देत, तसंच. मग कुणीतरी अगदी खालच्या आवाजात गाणं सुरू करायचं, दोन कडवी व्हायची, थांबायचं. त्यातल्या एका गाण्याची चाल मला नगरपासून माहीत होती. मी मराठीत म्हटलं. कुणी वळून पाहिलं नाही, उलट थोडी जागा करून दिली.

गुरुवारी निकाल लागला. तेरा जणांपैकी बारा जणांनी दोषी ठरवलं. मग शिक्षेवर मत. पाळकपद काढून घ्यायचं: सात विरुद्ध सहा.

आजी गाडीपर्यंत आल्या, पट्टा लावला, आणि तेव्हा मला म्हणाल्या (हे सांगण्यासाठीच धागा काढलाय): "मला विचारशील तर नियम बरोबर आहे असंच मला वाटतं. पण माझ्या नवऱ्याला तिने मूठमाती दिली. ती आत एकटी बसलेली असताना मी घरी कशी बसणार?"

---

मीठभाकर

लेख आवडला. अडाणी प्रश्न विचारतो, रागावू नका. चर्चचं कोर्ट म्हणजे पोलिस, वकील, तुरुंग असलं काही?

---

नगरची_लेक

@मीठभाकर, अजिबात अडाणी नाही, मीही हेच विचारलं होतं. सरकारचा काही संबंध नाही. तुरुंग नाही, दंड नाही. न्यायाधीशाच्या जागी बिशप असतात, इथे एक निवृत्त बिशप होते. दोन्ही बाजूंनी बोलायला पाळकच. आणि तेरा जणांचं जे पंचमंडळ असतं तेही सगळे पाळक, त्याच विभागातले. दोषी ठरवायला तेरापैकी किमान नऊ मतं लागतात, शिक्षेला मात्र साधं बहुमत पुरतं, म्हणजे सात.

मला यातली अवघड गोष्ट ही वाटते की ते तेरा जण परके नव्हते. वार्षिक सभेला एकत्र येणारे, एकमेकांच्या मंडळीत उपदेशाला जाणारे लोक. बचावपक्षाला नियमच चर्चच्या घटनेत बसत नाही असं सांगणारे तज्ज्ञ साक्षीदार बोलवायचे होते, बिशपनी नाकारले. नियम बरोबर की चूक हा प्रश्नच त्या खोलीत विचारायचा नव्हता. मोडला की नाही, एवढंच. आणि मोडला हे तर त्यांनी स्वतःच सांगितलेलं! त्यामुळे बारा-एक या आकड्याचं मला फारसं नवल वाटलं नाही. सात-सहाचं वाटलं.

---

आडवाटेचा

धाग्याचा काश्मीर होणार, भांडण जुंपणार हे दिसतंय, पॉपकॉर्न घेऊन बसतो. 😄

पण गंभीरपणे. ज्या संस्थेला तुम्ही नको आहात तिच्या दारात थंडीत उभं राहायचं कशाला? अमेरिकेत पावलोपावली चर्च आहेत. बाईंनी दुसऱ्या पंथात जायचं, मंडळींनीही मागून जायचं. विषय संपला. हे "आतून बदल घडवू" प्रकरण मला कधीच कळलेलं नाही, देवळाबाबतही नाही.

---

शेवगावकर

प्रथम सलाम, ताई. बऱ्याच वर्षांनी इथे काही लिहितोय.

@आडवाटेचा, तुमचा प्रश्न मी लहानपणी वडिलांना विचारला होता, जवळपास याच शब्दांत.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं पंचवीस-तीस. माझ्या थोरल्या चुलत्यांनी हिंदू मुलीशी लग्न केलं, मंदिरात, हार घालून. मंडळीच्या पंच कमिटीने आजोबांना शिस्त लावली, कारण ते लग्नाला हजर होते. शिस्त म्हणजे काय, तर प्रभुभोजन बंद. बाकी सगळं चालू. उपासनेला यायचं, वर्गणी द्यायची, नाताळात मांडवाचे बांबू रोवायचे. फक्त महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस फिरायला लागला की ताट तुमच्यापुढून जाणार.

ज्या दिवशी कमिटी बसली त्या दिवशीचं मला आठवतं. मी सात वर्षांचा. पाळकसाहेबांच्या घरात पंच, आणि बाहेर लिंबाखाली सगळी मंडळी. सगळी म्हणजे सगळी! पंचांच्या बायकासुद्धा आमच्या आजीजवळ बसलेल्या. आत नवरा आमच्या आजोबांविरुद्ध बोलतोय आणि बाहेर बायको आमच्या आजीच्या हातात चहाचा कप देतेय. आजी तो घेत नव्हती, पण बाईही कप खाली ठेवत नव्हती. किती वेळ तो कप तसा धरून होती!

शिस्त तीन वर्षं चालली. आजोबा एकही रविवार चुकले नाहीत. शेवटच्या बाकावर बसायचे. वडिलांना मी विचारलं, आपण दुसऱ्या मंडळीत का जात नाही? वडील म्हणाले, "अरे, आपली थडगी इथं आहेत." तेव्हा मला हे उत्तर फालतू वाटलं होतं. आता वाटत नाही. पण पटलंय असंही म्हणत नाही.

---

पेठकर

ख्रिस्ती मंडळींचा विषय म्हणून बाकीच्यांनी फार लांबून बघायचं कारण नाही. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये सभेला बोलावून चहा-बिस्किटं दिली गेली. कुणी घेतली, कुणी नुसती पुढ्यात राहू दिली. गोपाळराव जोश्यांनी (आनंदीबाईंचे यजमान, उद्योगी माणूस) हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली. त्यात रानडे, टिळक, गोखले सगळे. झालं, ग्रामण्य (ख्रिस्त्यांकडचा चहा घेतला म्हणून वाळीत टाकण्याचं प्रकरण) उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्ताचा निर्णय झाला. टिळकांनी सांगितलं, मी काशीला प्रायश्चित्त घेतलंय. रानड्यांनीही शेवटी घेतलं आणि सुधारकांनी त्यांना त्याबद्दल चांगलंच फैलावर घेतलं.

आपण हे चहाचा विनोद म्हणून सांगतो. पण निकालाची वाट पाहत बसलेल्या घरांचा विचार करा. श्राद्धाला भटजी येईल का, लेकीला माहेरी पाठवतील का, मुंजीची पंगत बसेल का. पुरुष मंडळी वर्तमानपत्रांत भांडत होती, पण प्रत्यक्ष वाट पाहत होत्या त्या माजघरातल्या बायका.

शेवगावकरांच्या आजीचा तो न घेतलेला चहा आणि हा घेतलेला चहा. असो.

---

वचनवाचक

मी मेथडिस्ट नाही, पण विश्वासणारा आहे आणि माझं मत इथे कुणालाच आवडणार नाही. तरी लिहितो. पवित्र शास्त्र काय म्हणतं ते स्पष्ट आहे. ज्या बारा जणांनी दोषी ठरवलं त्यांनी दीक्षेच्या वेळी घेतलेली शपथ पाळली. त्यांना खलनायक करू नका. त्यांच्यापैकी काही जण त्या रात्री झोपले नसतील.

आणि वाट पाहण्याबद्दल बोलताय म्हणून: २०१९ ते २०२३ या काळात अमेरिकेतल्या सुमारे ७,६०० मंडळ्या युनायटेड मेथडिस्ट चर्च सोडून गेल्या, जवळजवळ चौथा हिस्सा. त्याही वर्षानुवर्षं वाट पाहूनच गेल्या. चर्च स्वतःचाच नियम का पाळत नाही, याची वाट. त्यांच्या पार्किंगमध्ये थर्मास घेऊन कोण उभं होतं?

---

आडवाटेचा

@वचनवाचक, सोडून गेले ना? मग माझं म्हणणं त्यांनी तरी ऐकलं. 😄

---

संपादक

चर्चा आतापर्यंत छान चालली आहे. समलिंगी व्यक्तींबद्दल आणि कुठल्याही धर्माबद्दल हिणवणारे दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. कृपया विषयाला धरून लिहा.

---

विधिज्ञ_नाशिक

अवांतर, पण शेवगावकरांच्या आजोबांवरून आठवलं. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कृतीला बंदी करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. धार्मिक कारणाने सभासदाला बाहेर काढणं हा त्या पंथाचा स्वतःचा कारभार चालवण्याचा हक्क, असं बहुमत. २०२३ मध्ये हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे पाठवला गेला आहे. महाराष्ट्राचा २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा वेगळा. त्याचा रोख जातपंचायतींवर. प्रभुभोजनाचं ताट पुढून गेलं म्हणून दाद मागायला मी तरी कुणाला कोर्टात जा असं सांगणार नाही. कोर्ट ताट थांबवायला सांगेल कसं?

---

कुर्ल्याची_मार्था

एक खुलासा, कारण आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲपवर यावरून गोंधळ चालू आहे. समलिंगी पाळकांवरची बंदी उठवण्याचा २०२४ चा निर्णय अमेरिकेतल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चचा. आपल्याकडची मेथडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ पासून स्वायत्त आहे, आपले नियम आपण करतो. त्यामुळे "आता इथेही लागू होणार" ही फॉरवर्ड खोटी आहे. कुणाला त्याचा आनंद होईल, कुणाला वाईट वाटेल. मला काय वाटलं ते मी इथे लिहीत नाही, आमचे पाळकसाहेब हे संस्थळ वाचतात. 🙂

---

नगरची_लेक

सगळ्यांना एकत्र उत्तर देते.

@वचनवाचक, तुमचा प्रश्न मला लागला. खरंच, त्या लोकांच्या पार्किंगमध्ये मी नव्हते. कुणी बोलावलं असतं तर गेले असते का, प्रामाणिकपणे माहीत नाही. पण खलनायक मी कुणालाच केलेलं नाही. आजींचं मत बऱ्याच अंशी तुमच्यासारखंच होतं, आणि तरी त्या तिथे होत्या. माझा धागा त्याबद्दलच आहे. बाहेर उभे असलेले सगळे एका मताचे होते असं समजू नका. गरोदर मुलगी संतापलेली होती. निवृत्त शिक्षक म्हणत होते, बेथने थोडं थांबायला हवं होतं. ही सगळी माणसं एका थर्मासमधून चहा प्यायली आणि कुणी कुणाला पटवायला गेलं नाही. तुम्ही रविवारच्या शाळेनंतर सभासदांची बैठक कधी पाहिली असेल तर हा चमत्कार आहे हे कळेल.

@आडवाटेचा, "दुसरीकडे जायचं" याचं उत्तर शेवगावकरांनी माझ्यापेक्षा चांगलं दिलंय. बेथ गेल्या नाहीत. जर्मनटाउनच्या मंडळीने त्यांना पाळक नाही तर नाही, पण कर्मचारी म्हणून ठेवून घेतलं. उपदेश करता यायचा, बाप्तिस्मा देता यायचा नाही, प्रभुभोजन देता यायचं नाही. शेवगावकर, तुमच्या आजोबांपुढून ताट जायचं. इथे ताट धरणारे हातच काढून घेतले होते.

आणि २ डिसेंबरला काही संपलं नव्हतं. अपील झालं. २९ एप्रिल २००५ ला अपील समितीने आठ-एक अशा मतांनी निकाल फिरवला. आजींनी त्या रात्री मला फोन केला, "आजी बोलतेय", आणि पुढे काही बोलल्याच नाहीत, नुसतं हसल्या. मग ३१ ऑक्टोबर २००५ ला चर्चच्या सर्वोच्च न्यायमंडळाने सहा-दोनने तो फिरवलेला निकाल परत फिरवला. तेव्हा फोन आला नाही. मीच गेले. त्या स्वयंपाकघरात बसून भोपळ्याच्या बिया भाजत होत्या, हॅलोविन होता ना, पोरं येणार होती दारात.

त्यानंतर त्यांना एक खोड लागली. चर्चच्या कुठल्याही कार्यक्रमाला त्या विभागातले पाळक जमले की त्या माझ्या कानात विचारायच्या, "हा असेल का गं सातवा?" मतदान गुप्त होतं, कोण सात आणि कोण सहा हे बाहेर येणार नव्हतं. मी म्हणायचे, आजी, तुमच्या मते तर नियम बरोबर होता. मग सातवा सापडून काय करणार? तर म्हणायच्या, "काही नाही. त्याला कॉफी विचारणार."

२०१३ च्या नोव्हेंबरात त्याच शिबिराच्या जागी पुन्हा खटला झाला. या वेळी फ्रँक शेफर नावाचे पाळक. गुन्हा काय, तर २००७ साली स्वतःच्या मुलाचं लग्न लावलं, आणि मुलाचा जोडीदार पुरुष होता. शिक्षा जाहीर झाल्यावर त्यांच्या बाजूच्या काही लोकांनी खुर्च्या उलट्या पाडल्या, येशूने मंदिरात चौरंग पालथे केले तशा. महिनाभराने त्यांचं पाळकपद गेलं आणि पुढच्याच वर्षी अपिलात परत मिळालं. बातमीत खुर्च्यांबद्दल वाचलं तेव्हा आजी असत्या तर त्यांनी त्या उचलून सरळ करून ठेवल्या असत्या असं मला वाटलं. त्या २०११ मध्ये गेल्या.

२०२४ च्या १ मे रोजी अमेरिकेतल्या शार्लटला चर्चच्या सर्वसाधारण परिषदेत दीक्षेवरची बंदी उठली. ६९२ विरुद्ध ५१. चर्चाही झाली नाही, बिनविरोधच्या यादीत घालून एकगठ्ठा मत घेतलं. ज्या वाक्यासाठी तेरा जण रात्रभर तळमळले असतील ते वाक्य काही मिनिटांत गेलं. मग तीन आठवड्यांत बेथना परत घेतलं, पुन्हा पाळकांच्याच मतदानाने, बंद दाराआड. तेव्हा त्या चौपन्न वर्षांच्या होत्या. मधल्या काळात त्यांनी प्रिन्स्टनमधून धर्म या विषयात डॉक्टरेट केली.

---

शेवगावकर

ताई, त्या मतदानाच्या वेळी बाहेर कुणी उभं होतं का?

---

नगरची_लेक

माहीत नाही हो. मी तर भाजी करत होते.

---

मीठभाकर

शेवगावकर, आजोबांचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाही तुम्ही. आणि तो कप?

---

शेवगावकर

तीन वर्षांनी नवे पाळकसाहेब आले, त्यांनी पहिल्याच महिन्यात शिस्त उठवली. कमिटी बसलीच नाही. आजोबा त्या रविवारी पुढच्या बाकावर जाऊन बसतील असं सगळ्यांना वाटलं. ते शेवटच्याच बाकावर बसले, ताट तिथवर यायला वेळ लागला.

कपाचं मला आठवतं तेवढं सांगतो. आजीने शेवटी घेतला, पण चहा गार झाला होता म्हणून त्या बाईंनी परत आत नेऊन गरम करून आणला.